दोन साडू, एक इमारत आणि दोन वह्या

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका शनिवारी दोन्ही जोडपी माझ्या ऑफिसात आली आणि मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून बसली. दोघे सख्खे साडू, पण बहिणी-बहिणी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. टेबलावर त्यांच्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) के-वनचे, म्हणजे प्रत्येक भागीदाराचा हिस्सा दाखवणाऱ्या कराच्या फॉर्मचे, कच्चे मसुदे होते, दोन दिवसांपूर्वी मीच पाठवलेले. थोरलीने आपल्या कागदावरच्या एका आकड्याला पेनाने गोल केला होता: २,९०,०००.

"यांच्या नावावर दोन लाख नव्वद हजार, आणि त्यांच्या नावावर दहा लाख. निम्मी-निम्मी भागीदारी ना ही? मग आमचे सात लाख गेले कुठे?"

थोरल्यांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. धंद्यातल्या उत्पन्नाचा त्यांच्या नावावर आलेला वाटा धाकट्यांपेक्षा १० हजार डॉलरने जास्त होता. वाटा सारखा, तर उत्पन्न जास्त कसं? धाकटे गप्प होते. आपलं सगळं ठीक चाललंय, असा त्यांचा समज होता. खरं पाहता त्या दोन कागदांत ज्याचं नुकसान होत होतं, तो माणूस तेच होते.

हे प्रकरण लिहायला मी त्या दोन्ही घरांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील बदलले आहेत. हिशेबाचं गणित मात्र तेच आहे. असे प्रसंग अमेरिकेतल्या आपल्या घरांत वरचेवर येतात. एकाकडे जुनी जागा असते, दुसऱ्याकडे साठवलेली रोकड, आणि विश्वास दोघांकडेही भरपूर. करार कुठूनतरी तयार मिळालेल्या नमुन्यावरून करतात आणि त्यातलं कलम ७०४(सी)चं वाक्य कुणी वाचत नाही. भागीदारीत घातलेल्या मालमत्तेच्या आधीच्या वाढीवरचा कर कुणाचा, ते अमेरिकी आयकर कायद्यातलं हे कलम सांगतं.

थोरल्यांनी २००४ च्या जानेवारीत न्यू जर्सीत एडिसनजवळ एक छोटी व्यापारी इमारत घेतली. जमिनीचे १ लाख डॉलर, वरच्या बांधकामाचे ३ लाख ९० हजार. वीस वर्षं ती भाड्याने दिली, कर्ज फेडलं. व्यापारी इमारतीचा घसारा ३९ वर्षांत विभागून मिळतो, म्हणजे त्यांना वर्षाला १० हजार डॉलर मिळत गेले. (पहिल्या-शेवटच्या महिन्यांचे फरक सोडून मी सगळीकडे गोल आकडे धरले आहेत.) २०२३ अखेर २ लाखांचा घसारा घेऊन झाला. बांधकामाचे १ लाख ९० हजार आणि जमिनीचे १ लाख, अशी २ लाख ९० हजार ही करासाठी त्यांची उरलेली किंमत. बाजारात मात्र बांधकामाला ७ लाख ६० हजार आणि जमिनीला २ लाख ४० हजार, म्हणजे बरोबर १० लाख येत होते.

१ जानेवारी २०२४ ला दोघांनी एलएलसी काढली. फ्रोझन पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, भाजणी. थोरल्यांनी इमारत घातली, धाकट्यांनी १० लाख रोख. धाकटे आयटीतले, पगार चांगला, पैसे पंधरा वर्षांच्या बचतीचे. त्यातून शीतगृह, यंत्रं, परवाने, पहिल्या वर्षाचा कच्चा माल. वाटा पन्नास-पन्नास टक्के. दोन किंवा जास्त सदस्यांची एलएलसी वेगळा पर्याय निवडत नसेल, तर करासाठी ती भागीदारीच. ती स्वतः केंद्रीय आयकर भरत नाही, फॉर्म १०६५ भरते आणि प्रत्येकाचा हिस्सा के-वनवर लिहून देते.

थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, पण ते आधी कुणी दिलं नव्हतं. अशा भागीदारीच्या दोन वह्या असतात. एक किमतीची वही. तिच्यात इमारत १० लाखांना येते, रोकडही १० लाखांना, आणि उद्या भागीदारी मोडली तर कुणाला किती मिळणार ते या वहीवरून ठरतं. दुसरी कराची वही. तिच्यात इमारत थोरल्यांच्या जुन्याच किमतीला, २ लाख ९० हजारांना येते, जणू काही ती विकलीच नाही. २०२० सालापासून के-वनवरचं भांडवलाचं खातं कराच्या वहीप्रमाणे दाखवावं लागतं. म्हणून त्यांच्या कागदावर २ लाख ९० हजार आले. सात लाख कुठे गेले नव्हते, ते पहिल्या वहीत शाबूत होते.

"मग दोन्ही वह्यांतला फरक कुणाचा?" धाकट्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

अख्खं ७०४(सी) त्यांच्या त्या एका प्रश्नात होतं.

तो फरक ७ लाख १० हजारांचा: बांधकामावर ५ लाख ७० हजार, जमिनीवर १ लाख ४० हजार. ही वाढ थोरल्यांच्या वीस वर्षांत झालेली आहे. कलम ७२१ सांगतं की मालमत्ता भागीदारीत घालताना नफा झाला असं धरायचं नाही, त्या दिवशी कर नाही. पण कर माफ झालेला नसतो, झोपलेला असतो. समजा दुसऱ्याच दिवशी इमारत १० लाखांना विकली असती. कराच्या वहीत ७ लाख १० हजारांचा नफा. तो निम्मा-निम्मा वाटला तर धाकट्यांना ३ लाख ५५ हजारांवर कर भरावा लागला असता, आणि त्यांना तर एक डॉलरही नफा झालेला नाही. पूर्वी असं करता येत असे. १९५४ च्या कायद्यात हा फरक ज्याचा त्याच्याकडे ठेवणं भागीदारांच्या मर्जीवर होतं. जास्त दराने कर भरणाऱ्याचा नफा कमी दराच्या भागीदाराकडे सरकवायला ती चांगली वाट होती. १९८४ च्या दुरुस्तीने ती बंद केली. ३१ मार्च १९८४ नंतर घातलेल्या प्रत्येक मालमत्तेचा आधीचा फरक घालणाऱ्याच्याच नावावर राहिला पाहिजे, ही आता सक्ती आहे. अगदी किरकोळ फरक सोडून देता येतो: करातल्या किमतीच्या १५ टक्क्यांच्या आत आणि एकूण २० हजार डॉलरपर्यंत. आपला फरक त्याच्या कितीतरी पुढे.

थोरल्यांचे भाऊ सांगलीत चार्टर्ड अकाउंटंट आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं होतं की भागीदारीत जागा घातली की त्याच वर्षी भांडवली नफ्यावरचा कर भरावा लागतो, तुमच्या तिकडच्या माणसाने काहीतरी चुकवलंय. भारतापुरतं त्यांचं बरोबरच होतं. सुनील सिद्धार्थभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये असा कर लागत नाही असं म्हटल्यावर सरकारने कलम ४५(३) आणलं, आणि फर्मच्या पुस्तकात लिहिलेली रक्कम हीच विक्रीची किंमत धरून भागीदाराकडून कर घ्यायला सुरुवात झाली. तिथे हिशेब पहिल्याच वर्षी मिटतो. इथे तो वर्षानुवर्षं सांभाळत बसावा लागतो, आणि सांभाळताना चुका होतात. यांच्या बुककीपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इमारत १० लाखांना चढवून नव्याने ३९ वर्षांचा घसारा लावून ठेवला होता. माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन भागीदाऱ्यांमागे एकीत ही चूक सापडते.

आता थोरल्यांच्या तक्रारीकडे येतो. घसाऱ्याचं गणित जरा सावकाश वाचावं.

बांधकामाची १९ वर्षं उरली आहेत. कराच्या वहीत घसारा वर्षाला १० हजार. किमतीच्या वहीत ७ लाख ६० हजारांना १९ ने भागलं की ४० हजार, प्रत्येकाचे २० हजार. धाकट्यांनी पूर्ण किंमत मोजून अर्ध्या इमारतीत वाटा घेतलाय, तेव्हा त्यांना कराचा घसाराही २० हजार मिळायला हवा. पण कराच्या वहीत आहेतच १० हजार. नसलेला घसारा वाटता येत नाही, याला सीलिंग रूल म्हणतात. मग आहे तो सगळा, १० हजार, धाकट्यांना द्यायचा आणि थोरल्यांना शून्य. ही पारंपरिक पद्धत, आणि करारात दुसरं काही लिहिलेलं नव्हतं म्हणून मसुद्यात मी तीच वापरली होती.

म्हणजे थोरल्यांचं उत्पन्न १० हजारांनी जास्त दिसत होतं ते बरोबर होतं. त्यांनी वीस वर्षं घसारा घेतला होता, इमारतीची वाढही त्यांची होती, आणि ती वाढ आता हळूहळू करात येत होती. मी हे मांडल्यावर थोरल्यांनी मान डोलावली. हुशार माणूस, मनात काही ठेवत नाही. पण मग मला धाकट्यांकडे वळावं लागलं. तुम्हाला २० मिळायला हवे होते, मिळाले १०, असं एकोणीस वर्षं चालणार. एकूण १ लाख ९० हजारांचा घसारा कमी. केंद्रीय कराच्या २४ टक्के दराने वर्षाला २,४०० डॉलर.

धाकटीने विचारलं, "हे आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलं?"

एलएलसी काढताना मी नव्हतो. पण त्या प्रश्नाने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. आमच्या व्यवसायात हा प्रश्न रोकड आणणाऱ्याच्या बाजूने आधी विचारायचा असतो, आणि आम्ही तो बहुतेक वेळा मार्चमध्ये विचारतो, पैसे देऊन झाल्यावर. धाकट्यांनी जानेवारीत १० लाख दिले ते पूर्ण घसारा मिळणारी अर्धी इमारत समजून. हे त्यांना कळलं असतं तर कदाचित त्यांनी इमारतीची किंमत थोडी कमी धरायला सांगितली असती, आणि ते रास्त झालं असतं.

मी त्या दिवशी दोघांनाही स्पष्ट सांगितलं की मी एलएलसीचा हिशेबनीस आहे, तुमच्यापैकी एकाचा नाही. प्रत्येकाने आपापला सल्लागार गाठावा. धाकट्यांनी गाठला. थोरल्यांनी सांगलीला पुन्हा फोन लावला.

१९९३ च्या नियमांनी तीन पद्धती नावानिशी सांगितल्या आहेत, आणि वाजवी असेल ती मालमत्तेगणिक निवडता येते. दोघांचा मिळून कर कमी व्हावा या हेतूने मुद्दाम एखादी निवडली, तर ती आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, नाकारू शकतं. पारंपरिक पद्धत वर आलीच. दुसरी क्युरेटिव्ह: इमारतीच्या घसाऱ्यात कमी पडलेले १० हजार दुसऱ्या खऱ्या बाबीतून भरून काढायचे. इथे यंत्रांचा आणि शीतगृहाचा घसारा होता. त्यातला थोरल्यांच्या वाट्याचा १० हजार उचलून धाकट्यांना द्यायचा. धाकट्यांना वर्षाला पूर्ण २० मिळतात, पण थोरल्यांना यंत्रांचाही घसारा सोडावा लागतो.

तिसरी रेमेडियल. ही ऐकायला सगळ्यात न्याय्य वाटते, आणि हिशेबात लोकांना चकवते. तिच्यात किमतीच्या वहीतली इमारत दोन तुकड्यांत धरतात. १ लाख ९० हजारांचा जुना तुकडा उरलेल्या १९ वर्षांत. वरचा ५ लाख ७० हजारांचा तुकडा जणू आज नवीन विकत घेतला, म्हणून नव्याने ३९ वर्षांत. पहिल्याचे १० हजार आणि दुसऱ्याचे १४,६१५ मिळून वर्षाला २४,६१५, प्रत्येकी १२,३०८. कराचे खरे १० हजार धाकट्यांना, उरलेले २,३०८ कागदावर तयार करायचे: धाकट्यांना तेवढी वजावट, थोरल्यांना तेवढंच उत्पन्न. विसाव्या वर्षापासून खरा घसारा संपतो, मग वर्षाला ७,३०८ इकडून तिकडे. एकोणीस वर्षांचे सुमारे ४३,८४६ आणि पुढच्या वीस वर्षांचे १,४६,१५४ मिळून बरोबर १ लाख ९० हजार. धाकट्यांना शेवटच्या डॉलरपर्यंत मिळतं, पण २०६२ पर्यंत थांबून. ते आज ४६ वर्षांचे आहेत.

धाकट्यांच्या सल्लागाराने रेमेडियल मागितली. थोरले म्हणाले, "हातात एक डॉलर न येता मी दरवर्षी उत्पन्न दाखवायचं? आणि हे मी ६६ व्या वर्षी सुरू करायचं?" क्युरेटिव्हला धाकटे तयार होते, थोरले नव्हते. दोन आठवडे निरोप माझ्यामार्फतच चालू होते.

वेळ कमी होती. भागीदारीचा करार त्या वर्षाच्या रिटर्नच्या मूळ मुदतीपर्यंत बदलला, तर तो बदल त्या वर्षाच्या करारातच होता असं कलम ७६१(सी) मानतं. मुदतवाढ घेतली तरी ही तारीख पुढे जात नाही. १५ मार्च २०२५ शनिवारी येत होता, म्हणून सोमवार १७ मार्च. त्यानंतर २०२४ च्या करारात एक स्वल्पविरामही घालता आला नसता.

मी एक मधली वाट मांडली. दरवर्षी पारंपरिक पद्धतच ठेवायची, म्हणजे थोरल्यांच्या डोक्यावर कागदी उत्पन्न नाही आणि यंत्रांचा घसाराही त्यांचा त्यांच्याकडे. पण इमारत विकली जाईल तेव्हा तोवर धाकट्यांचा जितका घसारा हुकला असेल, तितका नफा धाकट्यांकडून काढून थोरल्यांकडे वळवायचा. नियम याला परवानगी देतात, मात्र इमारत घातली त्याच वर्षाच्या करारात ते लिहिलेलं हवं. एकदा शब्दांनी सांगून कुणाला पटलं नाही, म्हणून पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं.

समजा पाच वर्षांनी, २०२९ च्या सुरुवातीला, इमारत त्याच १० लाखांना गेली. बांधकामाची किमतीच्या वहीत ५ लाख ६० हजार, कराच्या वहीत १ लाख ४० हजार. जमीन जशीच्या तशी, २ लाख ४० आणि १ लाख. कराचा नफा ७ लाख ६० हजार. त्यातला जुना उरलेला फरक, बांधकामाचे ४ लाख २० आणि जमिनीचे १ लाख ४०, मिळून ५ लाख ६० हजार थोरल्यांचा. बाकी २ लाख निम्मे-निम्मे. नुसती पारंपरिक पद्धत असेल तर थोरल्यांना ६ लाख ६० हजार, धाकट्यांना १ लाख.

धाकट्यांच्या बाजूने बघा. १० लाखांची जागा १० लाखांनाच गेली, त्यांना नफाही नाही, तोटाही नाही. पाच वर्षांत घसारा मिळाला ५० हजार, आणि विकताना नफा लागला १ लाख. मधले ५० हजार त्यांनी कधी कमावलेच नाहीत. थोरल्यांवर ७ लाख १० हजारांच्या जागी ६ लाख ६० हजारच आले. ते ५० हजार फिरवले की थोरले ७ लाख १०, धाकटे ५०. धाकट्यांची वजावट ५०, नफा ५०, गोळाबेरीज शून्य. थोरल्यांनी आणलेली ७ लाख १० हजारांची वाढ थोरल्यांकडेच.

थोरल्यांनी तो कागद उचलून बराच वेळ बघितला. "बरोबर आहे. ते माझेच आहेत."

सगळं सरळ झालं असं नाही. धाकट्यांना दरवर्षीची वजावट आज मिळत नाही, ती भरपाई विक्रीच्या दिवशी मिळते, आणि तोवरचे पैसे अडकून राहतात. शिवाय हुकलेला घसारा रोजच्या उत्पन्नाच्या दराचा आणि वाचलेला नफा बहुधा कमी दराचा. इमारत विकलीच नाही तर भरपाई तितकी लांबणीवर. हे सगळं मी धाकट्यांना त्यांच्या सल्लागारासमोर सांगितलं. माझं मत विचारलंत तर मी क्युरेटिव्हच निवडली असती; यंत्रं तर धाकट्यांच्याच पैशातून आली होती. पण धाकटे म्हणाले, ताईच्या घराशी दरवर्षी १० हजारांवरून बोलणी नकोत. त्यांचा निर्णय मला मानावाच लागतो.

दोन गोष्टी थोडक्यात. २०२४ च्या जूनमध्ये थोरल्यांना मुलाच्या घरासाठी एलएलसीतून २ लाख डॉलर काढायचे होते. मुलाचा सौदा फिसकटला म्हणून ते राहिलं. मालमत्ता घातल्यापासून दोन वर्षांच्या आत तिच्या बदल्यात पैसे बाहेर आले, तर ती विक्रीच होती असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. तसं झालं असतं तर एक पंचमांश इमारत विकली असं धरून १ लाख ४२ हजारांचा नफा त्याच वर्षी लागला असता. दुसरी गोष्ट सात वर्षांची. त्या आत एलएलसीने ही इमारत धाकट्यांच्या नावावर करून दिली, किंवा थोरल्यांना दुसरी एखादी मालमत्ता वाटून दिली, तर झोपलेला नफा जागा होतो आणि थोरल्यांवर येतो. धाकटीने फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात तारीख लिहिली: १ जानेवारी २०३१.

१३ मार्चला, होळीच्या संध्याकाळी, थोरल्यांच्या घरी सह्या करायच्या ठरल्या. मी कागद घेऊन गेलो तर ताटं मांडलेली. सही करायच्या आधी थोरल्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मी उद्या गेलो तर हे सात लाख दहा हजार माझ्या पोरांच्या डोक्यावर का?"

स्वयंपाकघरातून दोघी बहिणी बाहेर आल्या. मी सांगितलं, वारसांना तुमच्या वाट्याची करासाठीची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने मिळते. एलएलसीच्या आतल्या वहीत मात्र ती आपोआप बदलत नाही. त्यासाठी त्या वर्षाच्या रिटर्नबरोबर कलम ७५४ चा पर्याय निवडावा लागतो. निवडला तर त्यांच्यापुरता हा फरक भरून निघतो, नाही निवडला तर तो त्यांच्या मागे लागतो. आणि तो निवडायचा असतो एलएलसीने, म्हणजे मागे राहिलेल्या भागीदाराची संमती लागू शकते.

"मग लिहा," धाकटे म्हणाले. "दोघांपैकी कुणीही गेलं तरी एलएलसीने तो पर्याय घ्यायचाच, असं लिहा."

दुरुस्तीचं शेवटचं पान थोरल्यांच्या प्रिंटरवर पुन्हा छापलं. चौघांच्या सह्या झाल्यावर थोरलीने धाकटीच्या पोळीवर तूप वाढलं. सोमवारी, १७ मार्चला, रिटर्न गेलं. थोरल्यांच्या के-वनवर, असा फरक असलेली मालमत्ता घातली का हे विचारणाऱ्या एमच्या रकान्यात 'हो' ची खूण, आणि खाली एनमध्ये त्या फरकाची वर्षअखेरची शिल्लक: ६,८०,०००.